पट्ट्याला चौथं भोक

दवाखान्याच्या दारावरचा कागद तीन हिवाळे जुना.
शाई उतरली, टाचण्या गंजल्या,
तरी वाचता येतं: डॉक्टरांची जागा रिकामी आहे.
खाली कुणा पोरानं पेन्सिलीनं लिहिलंय, आमचीही.

किल्ली माझ्याकडे असते. मी इल्दिको, इथली परिचारिका.
सोमवारी रक्तदाब, बुधवारी जखमा,
मंगळवारी न्यिरेज्हाझाहून बदली डॉक्टर, दोन तास.
दोन तास, एकतीस माणसं.
भागाकार तुम्हीच करा,
मी केला की मला झोप लागत नाही.

वेन्देल बाची आले ते आलुबुखार पिकले तेव्हा.
पाठ दुखते म्हणाले.
साठ वर्षं सफरचंदाच्या बागेत शिडी वाहिलेली पाठ
दुखणार नाही तर काय गाणार?
डॉक्टरांनी मलम लिहिलं.
मीच ते कपाटातून काढलं,
झाकण घट्ट होतं म्हणून उघडूनही दिलं.

अक्रोड पडायला लागले, तेव्हा पुन्हा.
"अन्न जात नाही, इल्दिको.
बटाट्याला मातीची चव येते, ती समजू शकतो,
पण पालिंकालाही?"
एका हातानं पँट सावरत होते.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं भोक,
शेजारी दुसरं, मग तिसरं,
त्याची कड अजून कोरी.
मी वजनकाटा ओढत आणला.
काटा कशाला हवा होता?

पोटात पार मागे, जठराच्या आड,
मणक्याला टेकून बसलेलं असतं स्वादुपिंड.
नावात केवढी चव!
घरातल्या न बोलणाऱ्या माणसासारखं
सगळ्यांचं मुकाट पचवतं,
आणि तक्रार करतं तीही दुसऱ्यांच्या नावानं:
पाठीच्या, पोटाच्या, भुकेच्या.

देब्रेत्सेनला स्कॅनची तारीख मिळाली, सात आठवड्यांनंतरची.
चौथ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले.
तो गुरुवार होता.
फोनवरच्या आवाजानं विचारलं, डॉक्टर आहेत का तिथे?
मी दारावरचा कागद वाचून दाखवला.

पाचव्या आठवड्यात त्यांची एमोके आली, लिंत्सहून.
तिथे ती परक्या म्हाताऱ्यांची नाडी बघते,
चांगला पगार, वर हिवाळी बूट.
वडिलांना शेवटचा सूट चढवताना
पँट थांबेना कमरेवर.
तिचे हात थरथरत होते,
म्हणून चौथं भोक मी पाडलं,
दवाखान्यातल्या सर्वांत जाड सुईनं.

दाखल्यावर शेजारच्या गावच्या डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं.
कुणाचं नाही पडत?
दोन आठवड्यांनी देब्रेत्सेनहून फोन:
रुग्ण गैरहजर का?

वसंतात बुडापेस्टहून बोग्लार्का नावाची मुलगी आली,
कागदाच्या नळीत दोन नकाशे घेऊन.
एक त्या आजाराचा, एक डॉक्टर-नर्सांचा.
तिसा नदीचा काठ पहिल्यावर गडद, दुसऱ्यावर फिकट.
आमच्या गावावर बोट ठेवून ती थबकली.
दोन्हींवर पांढरं.
"तुमच्याकडे हा आजार जवळजवळ नाहीच,"
खरोखर आनंदानं म्हणाली ती.

मला ठाऊक आहे त्यांना काय झालं होतं.
पण माझं ठाऊक असणं
तिच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.
मी तिला पाणी दिलं. तिनं नकाशे गुंडाळले.
बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, मंगळवार होता.

हल्ली कुणी पाठ धरून आलं
की मी आधी पट्टा बघते, मलमाचं कपाट नंतर.
बायका पट्टा लावत नाहीत.
त्यांच्या अंगठ्या बघते,
कुणी आतून दोरा गुंडाळलाय का.